चार डबे आणि बादलीभर माती
(मंडळाच्या वर्धापनदिनी कशेडी येथे झालेले भाषण)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रमुख पाहुण्या' असे छापले आहे. मंडळाचा हा मोठेपणा. पण सुनेला पाहुणी म्हणण्याची रीत आपल्या गावात नाही. वर्षातले दहा महिने मुंबईत आणि गणपती-शिमग्याला कशेडीत, अशी आपल्यातल्या निम्म्याअधिक घरांची जी वहिवाट, तीच माझीही. तेव्हा घरच्याच बाईने घरच्याच बायकांशी चार गोष्टी बोलाव्यात, इतकेच समजून ऐकावे.

मला विषय दिला आहे 'लहान जागेतली बाग, आणि तीही विकतच्या खता-औषधांवाचून'. चोहोबाजूंनी डोंगर आणि रान असलेल्या कशेडीत उभे राहून लहान जागेवर बोलायचे, याचे कुणाला हसू येईल. पण जरा हिशेब करून पाहा. आपली ही स्मरणिका मुंबईच्या खोल्याखोल्यांतून वाचली जाणार आहे. पोलादपुरात नि महाडात आपल्या मुलांनी दोन-दोन खोल्यांचे ब्लॉक घेतले आहेत. आणि इथे गावात तरी मागीलदार पूर्वीसारखे कुठे राहिले आहे? उतारावरचे घर, त्याला पायरीएवढे अंगण. कुणाचे परसू रस्त्याच्या रुंदीकरणात गेले, कुणाचे भावाभावांच्या वाटणीत गेले. ज्यांचे शिल्लक आहे त्यांच्याकडे माकडे आहेत. म्हणजे उंबऱ्यापासून गडग्यापर्यंत पाच पावले, एवढीच जागा बहुतेकींच्या वाट्याला. मुंबईच्या गॅलरीत आणि या पाच पावलांत फारसा फरक नाही.

बाग हवी कशाला, हा पहिला प्रश्न. फुलझाडांची हौस प्रत्येकीला असते, आणि ती असावी. पण मी आज बोलते आहे ती ताटातल्या भाजीबद्दल.

२०२१ सालचा जुलै महिना आपल्यापैकी कुणीही विसरलेली नाही. २२ जुलैला साखरसुतारवाडी, केवनाळे आणि महाडकडचे तळिये येथे दरडी कोसळल्या. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे भाजीची गोष्ट काढू नये, हे मला कळते. तरी चूल पेटवणाऱ्या बाईला त्या दिवसांत एक गोष्ट कळून चुकली. आपल्या ताटातली भाजी घाटावरून टेम्पोने येते, आणि रस्ता बंद झाला की ताट कोरडे. ज्या मुलखात पावसाळ्यात गवतासारखी भाजी उगवते, तिथे ही पाळी यावी!

दुसरी गोष्ट आपल्या अंगातल्या रक्ताची. केंद्र सरकारच्या २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. या सभेत बसलेल्या आपण मोजून घ्या, निम्म्याहून अधिक. नुसत्या पालेभाजीने हे दुखणे जाते असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच. पण शेवग्याचा पाला, माठ, मेथी आणि वर लिंबाची फोड, हे रोज ताटात असले तर शरीराला हातभार लागतो. आणि घरात भाजी थोडी असली की ती कुणाच्या वाटणीला येत नाही, हे काय मी सांगायला हवे? सर्वांचे आटोपल्यावर जेवणारीच्या!

तिसरी गोष्ट शहरातली. मुंबईत लोहमार्गाच्या कडेच्या जमिनी रेल्वे 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली भाजीसाठी देत आली. ती भाजी गटाराच्या पाण्यावर वाढते, अशा बातम्या वेळोवेळी वर्तमानपत्रांत आल्या. बाजारातली जुडी कुठल्या पाण्यावर वाढली आणि तिच्यावर कधी काय फवारले, हे विकणारीलाही ठाऊक नसते. आपल्या डब्यातल्या मेथीला आपण काय घातले, ते मात्र आपल्याला पक्के ठाऊक असते.

"हे सगळे खरे, पण जागा कुठे आहे?" असे आता तुम्ही विचारणार. माझे आजचे सांगणे या एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे. बागेला आधी जागा लागत नाही, आधी माती लागते. आणि माती बाजारातून आणायची नसते, ती स्वयंपाकघरात तयार होते. कुंडीने सुरुवात करणारीची हौस दोन महिन्यांत सुकते. बादलीने, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या बादलीने, सुरुवात करणारीची बाग टिकते.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. आपल्या शेतकऱ्याला शिकवायला आले आणि त्याच्याकडूनच शिकले. शेतातला काडीकचरा, शेण, राख आणि पाणी यांचे थर लावून तीन महिन्यांत उत्तम खत कसे करायचे, याची पद्धत त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी बसवली आणि १९३१ साली दोघांनी मिळून पुस्तक लिहिले. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. आज सेंद्रिय शेती म्हणून परदेशातून जे कौतुकाने परत येते, त्याच्या मुळाशी इंदूरचे हे ढीग आहेत.

पुढे कोल्हापूरकडे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावच्या द्राक्षबागाइतदारांपासून ते गच्चीवर चार रोपे लावणाऱ्या गृहिणीपर्यंत सारे त्यात प्रयोग करणारे, आणि आपापले अनुभव एकमेकांना सांगणारे. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरते, हे त्यांनी हिशेबाने मांडले. पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल, असे ते सांगत. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की जागा चौरस फुटांत मोजू नका, उन्हाच्या तासांत मोजा. जिथे तीन-चार तास ऊन आहे तिथे पालेभाजी येईल. पाच-सहा तास असेल तर मिरची, वांगे, टोमॅटोही येईल. ऊनच नसेल तिथे अळू आणि पुदिना यांवर समाधान मानावे.

मुंबईचे एक उदाहरण सांगते. आपल्या भागातल्या पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत आणि गोदीत राबल्या, म्हणून ते मला जवळचे वाटते. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात हजारो कामगारांचे जेवण शिजत असे. साहजिकच सालींचे आणि देठांचे ढीग रोज निघत. तिथल्या खानपान अधिकारी श्रीमती प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास हा ओला कचरा बाहेर न पाठवता स्वयंपाकघराच्या गच्चीवर नेला. डॉ. दोशी नावाचे गृहस्थ मुंबईत गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी पिकवत. त्यांची आणि पुढे दाभोळकरांची पद्धत पाटीलबाईंनी अवलंबली. सुमारे तीन हजार चौरस फूट सिमेंटच्या गच्चीवर त्या कचऱ्याची माती झाली, आणि त्या मातीत पालेभाज्याच काय, फळझाडेही उभी राहिली. काम करणारे हात त्याच स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्यांचे. गोदीच्या गच्चीवर हे होते, तर आपल्या अंगणात का होऊ नये?

आता कृती सांगते. पाककृतीसारखीच लिहून घ्या.

एक जुनी झाकणाची बादली किंवा पिंप घ्यावे. बुडाला आणि चोहोबाजूंनी भोके पाडावीत. तळाशी चार बोटे वाळका पाला घालावा. मग रोजच्या भाजीच्या साली, देठ, चहाचा चोथा, अंड्याची टरफले बारीक करून टाकावीत, आणि प्रत्येक वेळी त्यावर दुप्पट वाळका पाला पसरावा. आठवड्यातून एकदा मूठभर जुनी माती आणि वाटीभर आंबट ताक. तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करावे. बादली भरली की झाकून ठेवावी आणि दुसरी लावावी. दीड-दोन महिन्यांत आतले सारे काळे, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. घाण वास आला तर समजावे, ओल जास्त झाली. आणखी पाला घालावा. मुंग्या झाल्या तर समजावे, कोरडे पडले; पाणी शिंपडावे. शिजलेले अन्न, तेलकट पदार्थ आणि मासळी यांत घालू नये. मासळीचे काटे इथे गावात केळीच्या किंवा माडाच्या बुडाशी फूटभर खोल पुरावेत. गॅलरीत मात्र हा मोह नको, नाहीतर शेजारणी भाजीऐवजी मांजरांचा हिशेब मागतील.

ज्यांच्या दारात अजून गाय आहे त्यांनी 'अमृतजल' करावे. दाभोळकरांच्या वाटेने जाणारे लोक हे वापरतात. दहा लिटर पाणी, एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस सावलीत झाकून ठेवावे, रोज तीनदा ढवळावे. चौथ्या दिवशी दसपट पाण्यात मिसळून वाळक्या पाल्यावर आणि रोपांच्या बुडाशी घालावे. पाला लवकर कुजतो आणि मातीत जीव येतो.

डबा कोणता? तेलाचा पंधरा लिटरचा डबा, फुटकी बादली, सिमेंटची धुतलेली गोणी, काहीही चालते. फक्त बुडाला भोके हवीत. त्यात नुसती आपली तांबडी माती भरू नये. ती पावसाने घट्ट बसते आणि वजनालाही भारी. ओल्या मातीने भरलेला तो डबा पंचवीस किलोच्या घरात जातो. गॅलरीवर असे दहा डबे ठेवणारीने इमारतीचा विचार करायला हवा. म्हणून एक भाग माती, दोन भाग आपले घरचे खत, आणि एक भाग नारळाच्या सोडणांचा भुसा किंवा उसाचे वाळके चिपाड. डबा हलका राहतो, ओल टिकते आणि मुळांना हवा मिळते.

लावावे काय? पहिल्या खेपेला फक्त चार डबे. एकात मेथी, स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच दाणे भिजवून पेरावेत, तीन-साडेतीन आठवड्यांत खुडायला येते. दुसऱ्यात धणे हलकेच रगडून दोन फाके करून पेरावेत. तिसऱ्यात तांबडा माठ. चौथ्यात मिरचीची दोन रोपे. यात हात बसला की मग पालक, मायाळूचा वेल, शेवग्याचे छाटून बुटके ठेवलेले झाड, गवती चहा, ओव्याची पाने. आमच्या गॅलरीत बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढीच जागा आहे. पंधरा डब्यांवर चार माणसांना आठवड्यातून दोन वेळची पालेभाजी मिळते. मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता सहसा विकत आणावा लागत नाही. याहून अधिक आश्वासन मी देणार नाही. बाजार बंद होणार नाही, पण बाजारापुढे मान झुकवावी लागणार नाही.

पाणी हा आपला जुना रोग. जुलैत आभाळ फाटते आणि एप्रिलमध्ये हंड्यासाठी पायपीट. तेव्हा बागेसाठी वेगळे पाणी मागूच नये. तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी, भाजी धुतल्याचे पाणी, एवढ्यावर चार डबे जगतात. मातीवर वाळक्या पाल्याचे दोन बोटे पांघरूण घातले की पाणी निम्म्याने पुरते. आपल्या आजेसासवा न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावत, ते याच विचाराने. पण त्यांची न्हाणी शिकेकाईची होती. आपल्या साबण-पावडरीचे पाणी कोवळ्या भाजीला घालू नये. डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर भाजीआधी डास पिकतील आणि डेंग्यू घरात येईल. पावसाळ्यात कोवळी पालेभाजी पागोळीखालून हलवून पडवीच्या कडेला घ्यावी. अळू, पडवळ, दोडका, काकडी यांना मात्र खुशाल पावसात सोडावे.

किडीची भीती बाळगू नये. माव्यावर पहाटेच्या दवात चुलीची चाळलेली राख पसरावी किंवा निंबोळीच्या तेलाचे पाणी फवारावे. पानावर पांढरी भुरी आली तर आंबट ताक पातळ करून शिंपडावे. माकडांवर मात्र माझ्याकडे औषध नाही. डब्यांवर जुनी मासळीची जाळी ताणावी, आणि माकडे ज्यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत असे अळू, मिरची, पुदिना, गवती चहा पुढच्या रांगेत ठेवावे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे भाताच्या आणि नाचणीच्या रोपासाठी राब भाजण्याची पद्धत आहे. कवळ तोडायचे, पाला गोळा करायचा, शेण पसरायचे आणि पेटवून द्यायचे. वाडवडिलांनी ही रीत विनाकारण पाडली नाही. तण मरते, राखेने रोप जोमाने उठते. पुरुषमंडळींशी त्यावर आज वाद घालायला मी आलेली नाही. पण अंगणातला, वाटेवरचा, आंब्या-फणसाखालचा पाला सकाळी झाडून आपण रोज पेटवतो, तो तर राबाचा नव्हे ना? झाडू आपल्या हातात आहे, काडीही आपल्याच हातात आहे. तो पाला म्हणजे उद्याची माती. आपण ती धुरात घालवतो, डोळे चोळतो, खोकतो, आणि मग पन्नास रुपये मोजून शहरातून खताची पिशवी आणतो! मुंबईत पिशवीभर वाळक्या पाल्यासाठी मी बागेच्या माळ्याची विनवणी करते. इथे तो अंगणात पडतो आणि आपण तो जाळतो.

"एवढ्याशा डब्यांनी काय होणार?" असे कुणी म्हणेल. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला तेव्हा क्यूबा देशाला मिळणारे खत आणि इंधन एकाएकी आटले. तेव्हा हवाना शहरातल्या लोकांनी रिकाम्या जागांवर, दोन इमारतींमधल्या पट्ट्यांवर, कचऱ्याच्या खतावर भाजी पिकवली. शहराने शहराचे पोट सांभाळायला हात लावला. अडचण आल्यावर ते शिकले. आपण अडचण पाहून झालो आहोत; आता शिकायला हरकत नाही.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते आणि थांबते.

पहिली, मंडळाने वाडीत एक सामाईक टाके बांधावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक 'नाडेप काका' म्हणत, त्यांनी सांगितलेले विटांचे टाके साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते. भिंतींना जागोजागी भोके. त्यात पाला, थोडे शेण आणि माती यांचे थर लावून वरून लिंपले, की तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण फार लागत नाही, आणि गुरे कमी झालेल्या आपल्या गावाला हेच सोयीचे. खताची वाटणी घरटी सारखी व्हावी. ज्या म्हातारीच्या घरी काम करायला कुणी नाही, तिचा वाटा तिच्या दारात पोहोचवावा.

दुसरी, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे-चाळणी लुटण्याऐवजी बियाणे लुटावे. कुणाकडे जुन्या गावठी काकडीचे बी असेल, कुणाकडे तांबड्या माठाचे, कुणाकडे लांब पडवळाचे. आजेसासूने चुलीवर टांगलेल्या पुरचुंडीत जे जपले, ते आपल्या हातून नाहीसे होऊ नये. कागदाच्या पुडीवर नाव घालून द्यावे. वाण परत फिरून येते. बीसुद्धा तसेच फिरावे.

तिसरी सूचना मुंबईकर सुनांना. गणपतीला येताना विकतच्या मिठाईचे पुडे कमी आणा, आणि जाताना इथून दोन पिशव्या पाला आणि एक पिशवी खत घेऊन जा. बोगद्याने घाट जवळ आला आहे, एवढे ओझे जड होणार नाही. गॅलरीत कशेडीची माती आली, की मुले विचारतील ही कुठली. तेव्हा त्यांना गाव सांगता येईल.

हे सारे करायला नवऱ्याची परवानगी, सासूची संमती किंवा बँकेचे कर्ज लागत नाही. लागते ती एक भोके पाडलेली बादली. ती प्रत्येक घरात आहे, माळ्यावर पडलेली आहे. आज घरी गेल्यावर ती उतरवावी आणि रात्रीच्या भाजीच्या साली त्यात पडाव्यात, एवढी माझी विनंती.